चंद्रावरच्या घरात रुसायची जागा

चंद्रावर घर बांधायला तशी काही अडचण नाही. हवा नाही, पाणी नाही, वरून किरणोत्सर्ग येतो, मध्येच दगड पडतात. पण या सगळ्याला उत्तरं आहेत आणि ती मी स्वतः सहा मोठ्या शीटांवर काढलेली आहेत. अडचण येते ती कल्याण पूर्वेला.

झालं असं, की आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आम्हाला विद्यार्थ्यांची एक देशपातळीवरची स्पर्धा लागली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आठ माणसांना वर्षभर, जमलं तर जास्तही, राहता येईल असं घर डिझाइन करायचं. ड्रॉइंग द्यायची, मॉडेल द्यायचं आणि ठाण्यात परीक्षकांसमोर उभं राहायचं. आमच्या कृतिका मॅडमनी वर्गात जाहीर केलं की या सेमिस्टरचे डिझाइनचे मार्क यावरच मिळतील. मग खास माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्रफुल्ल, तुझ्या इमारती दिसतात छान. त्यात माणूस राहतो की फोटो काढून परत जातो, ते मला चार वर्षांत कळलेलं नाही. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वर्षी आपण याच वर्गात पुन्हा भेटू."

दुसरा कोणी असता तर खचला असता. मी ठरवलं की बाईंना आता चंद्रच दाखवायचा.

माझ्या जोडीला डोंबिवलीची क्षिप्रा होती. दोघांच्या गटाचा नेता मी आहे हे मी पहिल्याच दिवशी ठरवलेलं. क्षिप्राने विरोध केला नाही, कारण मी ते तिला सांगितलं नव्हतं. ती आकडेमोड करायची, मी दृष्टी पुरवायचो. दृष्टी अशी, की बाकीचे गट मिठाईच्या खोक्याएवढी मॉडेलं आणणार. आपण असं आणायचं की परीक्षकांना त्याच्याभोवती चालत जावं लागेल. सोळा मीटर व्यासाचा घुमट, दहास एक प्रमाणात. म्हणजे मॉडेलच सव्वापाच फुटांचं.

"आणि हे ठेवणार कुठे?" क्षिप्राने विचारलं.

"आमच्या गच्चीवर," मी म्हणालो. नेता म्हटला की त्याच्याकडे गच्ची असावी लागते.

गच्ची अर्थात माझी नव्हती, सोसायटीची होती, आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी मधुकाका. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून काका प्रत्येक गोष्ट अर्जाने घेतात. दिवाळीचा फराळसुद्धा ते पोच देऊन घेतील असं आई म्हणते. मी अर्ज लिहिला: "गच्चीवर चंद्रावरील निवासस्थान उभारण्यास परवानगी मिळणेबाबत." काकांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"पाणी लागणार का?"

"थोडं. प्लास्टर भिजवायला."

"चंद्रावर पाणी नाही असं मी पेपरात वाचलेलं."

"म्हणूनच गच्चीवरच्या टाकीतलं घ्यावं लागेल, काका."

काका विचारात पडले. शेवटी त्यांनी "तात्पुरत्या स्वरूपात, दोन बादल्यांपर्यंत" असा शेरा मारून परवानगी दिली, आणि जाताजाता एक सल्लाही दिला, की घुमटाला उतार नीट ठेव, पाणी साचतं. चंद्रावर पाऊस पडत नाही हे मी त्यांना सांगितलं. "सगळे बिल्डर असंच म्हणतात," काका म्हणाले.

पुढचे दोन आठवडे आम्ही गच्चीवर होतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाकवून सांगाडा केला, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या बसवल्या, आणि आतलं दिसावं म्हणून एक बाजू कापून उघडी ठेवली. वर चंद्राची माती. खऱ्या घरावर ही माती दोन-अडीच मीटर जाडीची घालावी लागते, म्हणजे आतल्या माणसाला किरणोत्सर्ग बाधत नाही. आम्ही बांधकामावरून दगडाची राखाडी भुकटी आणून वीतभर जाडीचा थर दिला. पाच गोण्या लागल्या. लिफ्टमध्ये "सामान नेऊ नये" अशी पाटी आहे, मधुकाकांच्याच अक्षरातली, त्यामुळे चार मजले त्या मीच चढवल्या. क्षिप्राने तेवढ्या वेळात अख्ख्या घराला किती प्राणवायू लागेल ते काढलं आणि मला दाखवलं. मला त्या क्षणी त्यातला थोडा चालला असता.

घुमट उभा राहिला आणि दिसला मात्र असा, की मी दोन दिवस नुसता बघत बसलेलो. तिसऱ्या दिवशी माझ्याआधी दुसऱ्याच कुणाला तो आवडला असल्याचं लक्षात आलं. कमांडरच्या खोलीत झाडूच्या काड्या, केबलचे तुकडे आणि माझीच एक हरवलेली पट्टी यांचं घरटं होतं आणि त्यात दोन अंडी होती. आमच्या वसाहतीत पहिलं कुटुंब राहायला आलेलं. पारवा कठड्यावर बसून माझ्याकडे भाडेकरूने मालकाकडे बघावं तसा बघत होता.

मी घरटं अलगद उचलून टाकीखाली ठेवायला वाकलो, तोच मागून आवाज आला.

"हात लावायचा नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तराकाकू. शाळेत पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या; त्यांचा आवाज ऐकला की आमच्या बिल्डिंगमधले निवृत्त लोकही शर्टाची बटणं लावतात.

"अहो काकू, माझं मॉडेल आहे. तीन आठवड्यांत द्यायचंय."

"आणि तिची अंडी आहेत. पिल्लं उडायला दीड महिना लागतो. तू घर बांधलंस ना? मग त्यात कोणी राहायला आलं तर आनंद व्हायला हवा. स्थापत्यशास्त्रात हे शिकवत नाहीत का?"

मला कृतिका मॅडम आठवल्या आणि मी हात मागे घेतला.

इथवर निभावलं असतं. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी गच्चीवर घुमट उभा राहिलेला पाहिला आणि प्रभाग कार्यालयात अनधिकृत बांधकामाची तक्रार केली. एका सकाळी एक कर्मचारी खांद्याला पिशवी लावून गच्चीवर हजर. माणूस शांत होता. बहुतेक आयुष्यभर लोकांच्या गच्च्यांवर नको ते पाहून शांत झालेला. मधुकाका त्यांच्या मागे हात बांधून उभे राहिले.

"हे काय आहे?"

"घर."

"कुणाचं?"

"आठ जणांचं. चंद्रावर."

त्यांनी मान न वर करता लिहिलं. "वापर?"

"निवासी."

"सध्या कोण राहतं?"

"सध्या कबूतरं."

त्यांनी टेपने व्यास मोजला, फोटो काढले, आणि मला पंचनामा वाचायला दिला. मी तो पाठ करून ठेवलाय: "सदर बांधकाम हे चंद्रावर प्रस्तावित असून त्याचा नमुना गच्चीवर ठेवण्यात आला आहे, असे संबंधिताने तोंडी सांगितले. जागेवर पक्षी आढळून आले. प्रस्तावित जागा या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही." माझ्या डिझाइनवर आजवर कुणी इतक्या निःपक्षपातीपणे लिहिलेलं नाही.

कार्यालयाने सोडलं, पण मधुकाका घाबरले. त्यांनी मला लेखी नोटीस दिली, की सात दिवसांत घुमट हलवावा. त्याच संध्याकाळी उत्तराकाकूंनी अकरा सभासदांच्या सह्यांचं निवेदन दिलं, की पिल्लं उडेपर्यंत घुमटाला कुणीही हात लावू नये. त्या अकरा सह्यांत चौथी सही मधुकाकांची होती. कागद पुढे आला की सही करायची त्यांची नोकरीतली सवय. म्हणजे एकाच माणसाच्या दोन आदेशांप्रमाणे मला घुमट हलवायचाही होता आणि हलवायचा नव्हताही. शिवाय क्षिप्राने गच्चीच्या दाराची रुंदी मोजली. अडीच फूट. घुमट सव्वापाच.

"चंद्रावरच्या दाराच्या तू चार डिटेल काढल्यास," ती म्हणाली. "हे एक मोजलं नाहीस?"

दृष्टी पुरवणाऱ्या माणसाला असे प्रश्न विचारायचे नसतात.

आता हातात जेमतेम अठरा दिवस होते. त्या रात्री जेवताना मी ताटाकडे बघत बसलेलो, तर पप्पा म्हणाले, "मशरूम चालेल का?"

माझे पप्पा देवराम गांगुर्डे वागळे इस्टेटमध्ये एका फायबरच्या कारखान्यात मोल्डर आहेत. बागेतल्या घसरगुंड्या, कचरा खाणारे पेंग्विन, असलं सगळं ते साच्यातून काढतात. दिवसाला पन्नासेक शब्द बोलतात आणि त्यातले चाळीस कारखान्यात संपवून येतात. उरलेल्या दहांत त्यांनी सांगितलं की बागेत बसायच्या मोठ्या मशरूमच्या छत्रीचा साचा पाच फुटांचा आहे, मालकांना विचारतो, रविवारी काढून देतो.

मालक हो म्हणाले. रविवारी आम्ही वागळे इस्टेटला गेलेलो. पप्पांना काम करताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. साच्यात राखाडी रंगाचा पहिला हात, मग काचेच्या धाग्यांची चादर, मग ब्रशने राळ, एकही बुडबुडा नाही. दुपारपर्यंत घुमट साच्यातून सुटला. हलका, ताठ, दोघांनी उचलावा असा. फक्त त्याच्यावर ताटलीएवढे सात गोल उंचवटे होते.

"हे काय?" क्षिप्रा म्हणाली.

"उल्का अडवायला," मी ताबडतोब म्हणालो. "ताकद वाढते त्याने."

"मशरूमचे ठिपके आहेत ते," पप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला.

आतलं घर मात्र पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, कारण आधीच्यात पिल्लं व्हायची होती. म्हणून क्षिप्रा रोज आमच्या घरी येऊ लागली आणि आमच्या हॉलची फरशी चंद्राने व्यापली. आई अंगणवाडीतून दुपारी यायची, आमच्या पुठ्ठ्याच्या भिंती ओलांडत स्वयंपाकघरात जायची. तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी थांबली.

"हे आठ जण इथं झोपणार?"

मी उत्साहाने समजावलं. मधोमध गोल चौक, भोवती पाकळ्यांसारख्या आठ खोल्या, आठही दारं चौकात उघडणारी. समानता, संवाद, केंद्र. हा सगळ्या डिझाइनचा प्राण होता.

"म्हणजे सकाळी उठून दार उघडलं की समोर सात तोंडं," आई म्हणाली. "रोज? वर्षभर?"

"संवाद वाढावा म्हणून आहे ते."

"संवाद नाही वाढणार रे. खून होईल."

मी म्हणालो, "आई, हे अंतराळातलं आहे. ह्याचं शास्त्र वेगळं असतं." हे वाक्य मी आवाज जरा चढवूनच म्हणालेलो. आई स्वयंपाकघरात गेली आणि वाटीभर राजमा घेऊन आली. फरशीवर बसली आणि आमच्या प्लॅनवर तिने आठ दाणे ठेवले.

"हे आजोबा. खोकणार. हे कुठं झोपवलेत? मधोमध. सगळे जागे. यांना ती तुझी हवेची मशीन आहे ना, तिच्याजवळ घे. तिचा आवाज, यांचा आवाज, मिटलं. ही आजी, पहाटे चारला उठणार. हिला दाराशी. हा जगनकाका, रातपाळीवाला. हा झोपायला येईल तेव्हा पप्पा उठून जातील, दोघांना एकच खाट पुरते. सगळे एकदम उठवलेस तर तुझा एक संडास पुरायचा नाही."

क्षिप्राने हळूच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मी तिला खुणेने नको म्हणत होतो. कारण आता पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

"काकू, तुम्हाला हे सगळं कसं माहिती?"

"आम्ही आठच होतो ना! ह्याने सांगितलं नाही? विठ्ठलवाडीला, चाळीत. दहा बाय बाराची खोली. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस वर्षं. दोन वर्षं झाली इथं येऊन."

क्षिप्राने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं मी कॉलेजात "कल्याणला राहतो" एवढंच सांगत आलेलो. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. तिथे मुलं आपापली घरं सांगायची, कुणाचा बंगला कुठल्या आर्किटेक्टने केलाय ते सांगायची, आणि मी रेल्वे जंक्शनचा इतिहास सांगायचो. मी पुठ्ठा कापण्यात लक्ष घातलं आणि अंगठा कापून घेतला.

आईने चिंधी बांधत बांधत पुढे विचारलं, "आणि ह्यात रुसायची जागा कुठंय?"

"काय?"

"माणूस रुसलं की कुठं जाणार? बाहेर तर हवा नाही म्हणतोस. आमच्याकडं पाण्याच्या पिंपामागं जागा होती, एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. कुणी तिथं बसलं की बाकीच्यांनी बघायचं नाही, बोलवायचं नाही. आपोआप उठून येतं. तुझी आत्या तर तिथंच बसून बारावी पास झाली. आणि हातभर फळी पाहिजे प्रत्येकाला. दुसऱ्याने हात लावायचा नाही अशी. माझ्या फळीवर काय होतं ते तुझ्या पप्पांना अजून ठाऊक नाही."

आतल्या खोलीत पप्पांनी पेपर खाली केला. पण त्यांचे दिवसाचे शब्द संपलेले होते.

तीन दिवसांत आईने माझ्या पाकळ्या मोडल्या. दारं एकमेकांना पाठ करून वळली, झोपण्याच्या पाळ्या लागल्या, हवेच्या यंत्राशेजारी खोकणाऱ्याची खोली आली, पाण्याच्या टाक्यांमागे गुडघे पोटाशी घेऊन बसायचा कोनाडा आला. क्षिप्राने गणित केलं तर घुमटाचा व्यास सोळावरून चौदा मीटरवर आला आणि तरी जागा उरली. मॉडेल तेच ठेवून प्रमाण थोडं बदललं की झालं. मी नेता असल्यामुळे मला राजमा परत वाटीत भरायचं काम मिळालं.

कृतिका मॅडमना आम्ही नवा प्लॅन दाखवला. त्या खूप वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी त्या कोनाड्यावर बोट ठेवलं. "चार वर्षांत तुझ्या प्लॅनमध्ये मला पहिल्यांदा माणूस बसलेला दिसला. हे कुणी केलं?"

"आम्ही," मी म्हणालो.

"ह्याच्या आईने," क्षिप्रा म्हणाली.

तेव्हा बाईंनीच सांगितलं की स्पर्धेच्या फॉर्मवर तज्ज्ञ सल्लागाराचा रकाना आहे, तिथे आईंचं नाव गेलंच पाहिजे. फॉर्म भरायला मी बसलो. नाव: श्रीमती मंजुळा देवराम गांगुर्डे. अनुभव: आठ व्यक्तींच्या बंदिस्त वसाहतीत सलग बावीस वर्षांचे प्रत्यक्ष वास्तव्य. इथवर लिहिताना छाती फुगलेली. पुढचा रकाना होता: ठिकाण. मी बराच वेळ कर्सर लुकलुकताना बघितला आणि लिहिलं: भारत.

परीक्षणाच्या दिवशी टेम्पो वागळे इस्टेटमधून निघाला आणि ठाण्यातल्या त्या हॉलपर्यंत व्यवस्थित पोचला. वाटेत सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं की एवढा मोठा इडलीचा साचा कुठल्या हॉटेलचा. मी उत्तर दिलं नाही. हॉलमध्ये घुमट मांडला, दिवे लावले, आणि चंद्राची माती आणायला टेम्पोकडे गेलो. माती नव्हती. ती कल्याणला, गच्चीवर, कबूतरांच्या डोक्यावर होती.

परीक्षक यायला अर्धा तास. मी घमेलं घेऊन बाहेर धावलो. ठाण्यात खोदलेला रस्ता शोधावा लागत नाही. तिसऱ्या मिनिटाला सापडला. तिथल्या मुकादमाने कशाला हवी विचारलं. मी म्हणालो चंद्रावर टाकायला. तो म्हणाला, "घेऊन जा, आम्हाला कुठंतरी टाकायचीच आहे." चार घमेली मुरूम आम्ही घुमटावर थापला. मुरूम ओला होता आणि विटेसारखा लालभडक होता.

परीक्षक तीन होते. त्यातले प्रमुख, पांढऱ्या मिशांचे एक बुजुर्ग आर्किटेक्ट, मॉडेलभोवती खरोखरच चालत फिरले. माझी दृष्टी एवढी तरी खरी ठरली.

"हा मंगळ आहे का?"

"चंद्रच आहे सर. संध्याकाळची वेळ आहे."

"चंद्रावर हवा नाही. तिथे संध्याकाळ तांबडी होत नाही."

"बरोबर आहे सर. तुम्ही पहिलेच, ज्यांच्या हे लक्षात आलं."

क्षिप्राने माझ्या पायावर पाय दिला आणि पुढचं तिने सांगितलं: माती कल्याणला राहिली, ही रस्त्यावरची आहे, आकडे मात्र तपासून घ्या. त्यांनी घेतले. आकड्यांत चूक नव्हती.

दुसऱ्या परीक्षक डॉक्टर अमृता म्हणून होत्या. अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर सोळा महिने राहून आलेल्या. त्या मॉडेल सोडून आमचं शीटच वाचत होत्या. कोनाड्यापाशी थांबल्या, पाळ्यांच्या तक्त्यापाशी थांबल्या, मग सल्लागाराच्या रकान्यापाशी आल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"बावीस वर्षं? सलग? मला सोळा महिन्यांत वेड लागायची पाळी आलेली. कुठला तळ हा? पाणबुडी आहे का? इथे नुसतं 'भारत' लिहिलंय."

हॉलमध्ये बाकीच्या गटांची मुलं उभी होती. बंगलेवाली, ओळखीवाली, सगळी. क्षिप्रा माझ्याकडे बघत नव्हती. या वेळी ती उत्तर देणार नाही हे मला कळलं. माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती. एक होतं, "गोपनीय आहे." आणि मी सांगतो, ते खपलं असतं.

"विठ्ठलवाडी, मॅडम," मी म्हणालो. "स्टेशनच्या पूर्वेला. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. माझी आई. त्या आठांतला एक मी."

पांढऱ्या मिशा माझ्या जवळ आल्या. "मग हे इथे लिहायचं ना!"

"जागा नव्हती, सर."

शीटवर बक्कळ जागा होती हे त्यांना दिसत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

डॉक्टर अमृता म्हणाल्या, "फोन लावा तुमच्या आईंना."

मी लावला, स्पीकरवर. पलीकडे अंगणवाडीतल्या वीस पोरांचा गलका.

"प्रफुल? डबा खाल्लास का?"

हॉल हसला. डॉक्टरांनी फोन हातात घेतला, आपण कोण ते सांगितलं, आणि दहा मिनिटं त्या दोघी अशा बोलल्या जशा एकाच तळावरून परतलेल्या. आजारी पडलं तर वेगळं कुठं ठेवायचं? वास कसा सहन करायचा? सणाच्या दिवशी माणसं जास्त चिडतात ते का? डॉक्टर चक्क वहीत लिहून घेत होत्या. मी छाती काढून उभा होतो. पहिला नंबर मला हॉलच्या दारातून आत येताना दिसत होता.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "मंजुळाताई, हे घर तुम्ही केलंय. तुम्ही स्वतः राहाल का यात वर्षभर?"

"राहीन की. काय झालं? शेजारी कोण आहे?"

"शेजारी कोणी नाही. चंद्रावर दुसरं घरच नाही."

फोनमधला गलका तेवढा ऐकू येत राहिला.

"मग नाही राहता यायचं," आई म्हणाली. "आमचे आठ जण बावीस वर्षं टिकले ते काय आमच्या शहाणपणाने? भांडण वाढलं की शेजारच्या कमलबाई यायच्या. काही सोडवायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, चहा घ्यायच्या, जायच्या. बाहेरचं माणूस घरात आलं की आवाज आपोआप खाली येतो. एकट्या घरात कुणाची लाज धरणार?"

डॉक्टर अमृता म्हणाल्या, "आमच्या तळावर दोन जण शेवटचे चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. कारण होतं चमचा." आणि त्यांनी वहीत एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

निकाल संध्याकाळी लागला. आम्ही दुसरे आलो. पहिल्या गटापेक्षा आमचं घर राहण्यालायक आहे असं शेऱ्यात स्पष्ट लिहिलेलं; पुढे लिहिलेलं, की दीर्घकाळ वास्तव्याच्या दृष्टीने डिझाइनमध्ये एक मूलभूत त्रुटी आहे, जी गटाच्या सल्लागारांनीच निदर्शनास आणून दिली. कृतिका मॅडमनी पास केलं, तेही चांगल्या मार्कांनी, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर एक तास घ्यायला बोलावलं. मला नाही. आईला.

घरी आलो तर आई मेथी निवडत होती. मी दुसऱ्या नंबरची ढाल टीव्हीवर ठेवली आणि तिच्यासमोर बसलो.

"तू एक वाक्य गिळलं असतंस तर पहिला होता."

"खोटं बोलायचं होतं तर सल्लागार कशाला ठेवलास?" आई म्हणाली. "सेल्समन ठेवायचा."

पप्पा हसले. मोठ्याने, आवाज येईल असे. मी रागावून उठलो, आमच्या घरात रुसायला आता दोन खोल्या आहेत, पण गेलो नाही. वही घेतली. चौदा मीटरच्या घुमटाशेजारी दुसरा घुमट काढला. आणखी आठ माणसं. क्षिप्राला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की प्राणवायू दुप्पट लागेल, ते ती बघते. मी वही आईपुढे धरली.

"हे घे तुझे शेजारी."

आईने मेथीचे हात पदराला पुसले. "किती लांब आहेत?"

"दोनशे मीटर. सुरक्षित अंतर असतं ते."

"इकडचं भांडण तिकडं ऐकू जाईल?"

"नाही. मध्ये हवा नाही ना. चंद्रावर आवाज जात नाही."

आईने दोन्ही घुमट नीट पाहिले आणि बोटाने एक सरकवत सरकवत दुसऱ्याला चिकटवला.

"मग भिंत एकच ठेव," ती म्हणाली.